नियम लिहिणारे आणि नियम वाचणारे

एक योद्धा मरणाच्या दारात पडला आहे. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे उरलेल्या जीवाचा आकडा, वजा आठवर आले आहेत. वजा दहावर गेले की तो संपला. मांत्रिक दूर आहे, औषधाची कुपी रिकामी आहे. तेवढ्यात त्याचा जोडीदार विचारतो, ‘इथे पाण्याची बादली आहे का?’ बादली असते. ‘मग त्याचे डोके तिच्यात बुडवा. बुडणारा माणूस पहिल्या फेरीत बेशुद्ध होतो आणि त्याचे हिट पॉइंट शून्यावर येतात, असे नियमात आहे. वजा आठपेक्षा शून्य बरे. शून्यावर आला की लगेच बाहेर काढू.’ टेबलावर हशा पिकतो. कोणीतरी पुस्तक उघडतो, पान सापडते आणि हशा थांबतो. नियम खरोखरच तसा लिहिलेला असतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची सुधारलेली तिसरी आवृत्ती २००३ साली आली. तिच्यातला बुडण्याचा नियम जगभरच्या खेळाडूंनी असा वाचला आणि त्यावर वर्षानुवर्षे डोकी लढवली. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धडधाकट माणूस होता. तो पाण्यात पडतो, त्याचा दम संपतो, शुद्ध हरपते, आकडा शून्यावर येतो, पुढच्या फेरीत वजा एक आणि तिसऱ्या फेरीत मृत्यू. जो आधीच शून्याच्या खाली गेला आहे त्याचे काय, हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनात आलाच नाही. त्यामुळे कागदावर बुडणे हा उपचार ठरला.

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत असे वाद नेहमीचे आहेत, आणि हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे. वाद म्हणजे खेळात आलेले विघ्न, असे बऱ्याच जणांना वाटते. या पुस्तकाची भूमिका निराळी आहे. नियमाचा अर्थ लावणे हा या खेळाचाच एक भाग आहे. ती शिकता येणारी विद्या आहे, आणि तिची उत्तम हत्यारे मराठी वाचकाच्या घरात कधीपासून पडून आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. चार-पाच खेळाडू बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते: योद्धा, चोर, मांत्रिक, पुजारी. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी, शस्त्रे, मंत्र सगळे एका कागदावर मांडलेले असते. आणखी एक जण डंजन मास्टर होतो; त्याला सगळे डीएम म्हणतात. गावे, राक्षस, राजे, पाऊस-वारा हे सारे त्याच्याकडे. खेळाडू सांगतो, मी भिंतीवर चढतो. डीएम सांगतो, भिंत ओली आहे, फासा टाक. वीस पैलूंचा फासा पडतो, त्यात पात्राचा गुणांक मिळवला जातो आणि काय झाले ते ठरते. इथे कोणी जिंकत नाही. एकच गोष्ट महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

बुद्धिबळात उंट तिरकाच जातो. त्याला लाच देता येत नाही, त्याच्याशी वाटाघाट करता येत नाही, त्याला पाण्यात बुडवता येत नाही. भूमिकाखेळात मात्र खेळाडूच्या मनात येईल ते करून बघता येते, आणि माणसाच्या मनात काय काय येईल याची यादी कुठल्याच पुस्तकाला करता येत नाही. लिहिलेला नियम आणि घडणारा प्रसंग यांच्यात इथे कायमच अंतर राहते. ते भरून काढायला कोणीतरी निवाडा करावाच लागतो.

निवाडा करणाऱ्या या पंचाची वंशावळ प्रशियाच्या सैन्यापर्यंत जाते. १८२४ साली फोन राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने, आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून, ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ सिद्ध केला. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे, तक्ते आणि मध्ये पंच अशी त्याची मांडणी होती. शत्रू कुठे आहे हे पंचालाच ठाऊक. खऱ्या रणांगणावर सेनापतीला जेवढे दिसले असते तेवढेच तो खेळाडूला सांगे. पुढे तक्ते इतके वाढले की एक चकमक निकालात काढायला तासन्‌तास लागू लागले. १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारले आणि अनुभवी पंच म्हणेल ते प्रमाण, असा ‘मोकळा’ युद्धखेळ सुचवला. खेळाला वेग आला, पण पंचाचे पूर्वग्रहही त्याबरोबर आले. तक्ता न्याय्य पण मंद; पंच चपळ पण माणूस. आजच्या प्रत्येक टेबलावरचा वाद या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी घडतो.

१८८० साली चार्ल्स टॉटन या अमेरिकी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धखेळाचे पुस्तक काढले. खेळाडूने काहीही करू म्हटले तरी पंचाने त्याची शक्यता जोखावी, हा विचार त्यात होता. मिनेसोटातल्या डेव्हिड वेझ्ली या तरुणाच्या हाती ते पुस्तक १९६०च्या दशकात लागले. १९६९ मध्ये त्याने एका काल्पनिक जर्मन गावातला खेळ मांडला आणि प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नेसनने ही पद्धत राक्षस, भुयारे आणि जादूच्या जगात नेली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सने १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियम प्रसिद्ध केले होते. दोघांच्या कामातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडले: एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती, किंमत दहा डॉलर.

त्या पुस्तिकांत भोके इतकी होती की लढाईसाठी ‘चेनमेल’ जवळ असल्याचे गृहीतच धरलेले होते. उरलेले तुम्हीच ठरवा, असे लेखकांचे सांगणे होते. लोकांनी ठरवले, आणि प्रत्येक गावात खेळ वेगळा झाला. पाच वर्षांनी, १९७९ च्या डंजन मास्टरसाठीच्या जाड ग्रंथात, तोच गायगॅक्स एकसारखेपणाचा आग्रह धरताना दिसतो. संमेलनांत स्पर्धा होऊ लागल्या होत्या. एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावच्या टेबलावर बसला तर खेळ तोच असायला हवा होता. मोकळीक आणि एकसारखेपणा या दोन्ही मागण्या एकाच माणसाने एकाच दशकात केल्या. यात चंचलपणा नाही. एका टेबलाची गरज आणि हजार टेबलांची गरज वेगळी असते, एवढेच त्यातून दिसते.

मोकळिकीचा आणि एकसारखेपणाचा हाच ताण आपल्या मातीतल्या खेळांनीही सोसला आहे. महाराष्ट्रातला हुतूतू, म्हणजे कबड्डी, गावागणिक बदलत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यायामशाळा आणि क्रीडासंस्थांनी त्याला छापील नियमांत बसवायला घेतले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम सुधारून स्पर्धा भरवली. तेव्हा मुख्य पेच असा होता की बाद झालेल्याचे काय करायचे? संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई. जेमिनीत एकदा गेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात बाद झालेला मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजला जाई. तीन प्रकार म्हणजे मृत्यूविषयीचे तीन नियम. त्यांच्यातून खेळाचा स्वभावच बदलतो. भूमिकाखेळाच्या टेबलावर मेलेले पात्र परत आणायचे की नाही, आणायचे तर कोणत्या किमतीला, हा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही जातकुळी लगेच ओळखू येईल.

कबड्डीतला दुसरा वाद ‘दमा’चा. चढाई करणाऱ्याने एका श्वासात, न थांबता, स्पष्ट उच्चार करत राहायचे, असा नियम. पण दम तुटला हे ठरवायचे कसे? तिथे पट्टी नाही, फासा नाही. पंचाचा कान हेच माप.

चंडीगडच्या माणसाला विचारले तर तो कबड्डीचे वर्णन निराळेच करेल. पंजाबात गाजते ती गोल मैदानातली सर्कल कबड्डी. तिच्यात चढाई करणाऱ्याला एका वेळी एकच गडी अडवू शकतो, आणि गुण गेला तरी गडी बाहेर जात नाही. मराठी मुलगा आयताच्या रेषा आणि साखळी करून घातलेली पकड पाहत वाढतो. पंजाबी मुलगा एकास एक झुंज पाहत वाढतो. २०१० पासून पंजाब सरकारने सर्कल पद्धतीच्या जागतिक स्पर्धाही भरवल्या. दोन्ही कबड्डीच, दोन्ही खऱ्या. ‘मूळ’ नियम कुठला, असा प्रश्न घेऊन या दोघांना भांडायला बसवले तर ते भांडण संपणार नाही. आज या मैदानावर कुठला नियम चालू आहे, असे विचारले तर ते क्षणात मिटते.

बुद्धिबळाच्या पटावरही हेच झाले. अखंड पंजाबातल्या सरगोध्याजवळचा मीर सुलतान खान लहानपणी हिंदुस्थानी पद्धतीचे बुद्धिबळ शिकला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीत दोन घरे जात नसे, आणि शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा सरसकट वजीर होत नसे. कोणत्या घरात पोचले त्यावर त्याचे मोहरे ठरे. मोठेपणी त्याने युरोपीय नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटनची अजिंक्यपदे जिंकली. २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. नियम बदलला तरी खेळाची समज एका नियमपुस्तकातून दुसऱ्यात नेता येते, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

आता वाद नेमके कसे होतात ते जवळून पाहू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अदृश्य होण्याचा नियम दोन कलमांत आहे. पहिले कलम: जादू किंवा विशेष इंद्रियाच्या मदतीशिवाय अदृश्य प्राणी दिसत नाही. दुसरे कलम: त्याच्यावर हल्ला करणाऱ्याला दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो, आणि तो स्वतः हल्ला करतो तेव्हा दोनांतला मोठा आकडा घेतो. आता एका मांत्रिकाकडे अदृश्य गोष्टी दिसण्याचा मंत्र आहे. त्याला शत्रू ढळढळीत दिसतो. तरीही त्याने कमी आकडा घ्यायचा का? अक्षराला धरून वाचले तर हो, कारण दुसऱ्या कलमात ‘दिसत नसेल तर’ अशी अट नाही. तर्काला धरून वाचले तर हे हास्यास्पद आहे. खेळाचे तेव्हाचे प्रमुख नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी अक्षराच्या बाजूने उत्तर दिले, आणि अनेक टेबलांनी ते ऐकून घेऊन बाजूला ठेवले. दहा वर्षांनी, २०२४ च्या सुधारित पुस्तकात, वाक्यच बदलले गेले: ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही.

क्रॉफर्ड ज्या सदरातून उत्तरे देत ते ‘सेज ॲडव्हाइस’. ते १९७९ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकात जीन वेल्स यांनी सुरू केले, आणि पुढे स्किप विल्यम्स यांनी ते दीर्घकाळ चालवले. ‘आमच्या टेबलावर असे घडले, बरोबर कोण?’ अशी पत्रे जगभरातून येत आणि छापील उत्तर दोन्ही बाजू पुढ्यात घेऊन बसत. या सदराच्या २०१५ च्या पुनरारंभात एक उपयुक्त विभागणी मांडली गेली. नियम तीन प्रकारे वाचता येतो: लिहिला आहे तसा, लेखकाच्या मनात होता तसा, आणि या टेबलावर सर्वांत रंगेल तसा. बादलीचा प्रसंग या तीन चाळण्यांतून काढला तर पहिलीतून पार होतो, दुसरीत अडकतो; तिसरीत काय होईल ते त्या संध्याकाळच्या मंडळींवर आहे.

काही वाद मात्र दोन वेगळ्या पुस्तकांची सरमिसळ केल्याने उभे राहतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शेतकऱ्यांच्या रांगेचे. हजारो शेतकरी एका ओळीत उभे करायचे. प्रत्येकाने तयारीत राहायचे आणि हातात भाला आला की तो पुढच्याला द्यायचा. नियमांनुसार एक फेरी सहा सेकंदांची, आणि या सगळ्या देवाणघेवाणी त्याच फेरीत होतात. म्हणजे भाला सहा सेकंदांत मैलोगणती जातो. इथवर खेळाचा नियम. मग खेळाडू म्हणतो, आता या वेगाने भाला जाऊन आदळला तर ड्रॅगनचे काय होईल ते भौतिकशास्त्राने काढा! भाला पुढे सरकवायला खेळाचा नियम, आदळवायला न्यूटन. २०२४ च्या डंजन मास्टर मार्गदर्शिकेने या युक्तीचा उल्लेख करून तिला नकार दिला आहे: नियम खेळ चालवण्यासाठी आहेत, ते त्या जगाचे भौतिकशास्त्र नाही.

इथे एखाद्या मराठी वाचकाला शास्त्रीबुवांची आठवण झाली तर ती योग्यच आहे. लिहिलेले वाक्य आज्ञा आहे की नुसते वर्णन, हा प्रश्न मीमांसकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच ऐरणीवर घेतला होता. त्यांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला. विधी काय करायचे ते सांगतो. अर्थवाद त्याची स्तुती करतो, त्याला उठाव देतो, पण स्वतंत्र आज्ञा देत नाही. ‘बर्निंग हँड्स’ या मंत्राच्या २०१४ च्या वर्णनात मांत्रिक अंगठे जुळवून आणि बोटे पसरून ज्वाळा सोडतो, असे म्हटले आहे. म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत का? हातात ढाल असेल तर मंत्र फसणार का? सर्वसाधारण नियम सांगतो की मंत्राच्या हालचालींना एक मोकळा हात पुरतो. अंगठ्यांचे वर्णन विधी मानले तर ढालवाला मांत्रिक अडतो. अर्थवाद मानले तर सुटतो. इंग्रजीत या वादावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत, पण त्याला लागणारी फोड जैमिनी आणि शबर या मीमांसकांकडे तयार होती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या पाचव्या खंडात अर्थनिर्णयाचे हे नियम सविस्तर मांडले आहेत.

याहून जवळचा वारसा नागोजीभट्ट काळे यांचा. अठराव्या शतकात काशीत राहून शास्त्र सांगणाऱ्या या महाराष्ट्रीय पंडितांनी ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ लिहिला. पाणिनीची सूत्रे कशी वाचावीत याचे नियम, म्हणजे नियमांविषयीचे नियम, हा त्याचा विषय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात त्याचे संपादन आणि इंग्रजी भाषांतर केले, आणि ते मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाले. ग्रंथातली पहिलीच परिभाषा प्रत्येक डीएमने टेबलावर लावून ठेवावी अशी आहे. तिचा आशय असा: शंका निघाली म्हणून नियम निरर्थक होत नाही, जाणत्यांच्या स्पष्टीकरणातून त्याचा नेमका अर्थ घ्यायचा असतो. बादलीचा नियम सापडल्यावर ‘हे पुस्तकच टाकाऊ आहे’ म्हणणाऱ्याला दिलेले हे उत्तर आहे.

व्याकरणपरंपरेतला तक्रकौंडिन्य न्यायही इथे तसाच उपयोगी पडतो. सगळ्या ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिन्याला ताक वाढा, अशी आज्ञा झाली. कौंडिन्यही ब्राह्मणच, मग त्याला दही आणि ताक दोन्ही द्यायचे का? नाही. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो, म्हणून त्याच्या पानात फक्त ताक. पाचव्या आवृत्तीच्या प्रारंभीच हेच तत्त्व सांगितले आहे: सर्वसाधारण नियम आणि विशेष नियम यांची टक्कर झाली तर विशेष जिंकतो. अनेक पात्रांना लांब धनुष्य नीट चालवता येत नाही, पण वनातल्या एल्फला ते जन्मतःच येते, हे पुस्तकातले उदाहरण. टेबलावरचे निम्मे वाद या एका तत्त्वाने मिटतात. उरलेल्या निम्म्यांत दोन विशेष नियम एकमेकांसमोर उभे ठाकलेले असतात. त्याचाही विचार पाणिनीने केला होता: सारख्या बळाचे दोन नियम भिडले तर ‘पर’ तो लागू करावा. ‘पर’ म्हणजे ग्रंथात नंतर येणारा, असा अर्थ परंपरेने घेतला. २०२२ मध्ये केंब्रिजला ऋषी राजपोपट यांनी प्रबंधात वेगळे वाचन मांडले: ‘पर’ म्हणजे शब्दाच्या उजव्या बाजूच्या भागाला लागणारा. त्यावर विद्वानांत पुन्हा चर्चा पेटली. नियमांची टक्कर सोडवणाऱ्या नियमाचा अर्थ हा इतका जुना आणि अजून जिवंत असलेला वाद आहे.

अर्थ लावण्याची हत्यारे कितीही धारदार असली तरी निर्णय कोणीतरी द्यावा लागतो. तो न दिल्यास काय होते, ते महाभारतात दिसते. चंडीगडहून दिल्लीच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की कुरुक्षेत्र येते. तिथल्या युद्धाचे बी एका खेळात पडले होते, आणि त्या खेळात नियमांचे वाद ठिकठिकाणी आहेत. दुर्योधनाच्या वतीने शकुनी फासे टाकणार, असे ठरते तेव्हा युधिष्ठिर हरकत घेतो: एकाने दुसऱ्यासाठी खेळणे त्याला गैर वाटते. हरकत नोंदवली जाते आणि खेळ तसाच सुरू होतो. पुढे द्रौपदी विचारते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःवरची सत्ता गमावलेल्याला दुसऱ्याला पणाला लावता येते का? भीष्म दोन्ही बाजू मांडतात आणि धर्म सूक्ष्म आहे म्हणून थांबतात. धृतराष्ट्राचाच मुलगा विकर्ण कारणे देऊन सांगतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्ण त्याला गप्प करतो. उत्तर न देणारी सभाही पापाची वाटेकरी होते, असे विदुर बजावतो. तरी निवाडा होत नाही.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ या १९६७ च्या पुस्तकात (त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला) या प्रसंगाकडे फार परखडपणे पाहिले. भर सभेत माणुसकीची हाक देण्याऐवजी द्रौपदीने कायद्याचा कीस काढला, ही त्यांना तिची मोठी चूक वाटली. हे मत पटो वा न पटो, त्यातला इशारा भूमिकाखेळाच्या टेबलालाही लागू आहे. नियमाचा प्रश्न आणि माणसाच्या मानाचा प्रश्न यांची गल्लत होऊ द्यायची नाही. टेबलावर कोणाला अपमान वाटला, भीती वाटली, तर पुस्तकातले पान शोधण्याआधी खेळ थांबवायचा. मोहिमेच्या सुरुवातीला सगळ्यांनी बसून मर्यादा ठरवून घेण्याची, ‘सेशन झीरो’ची, पद्धत आज अनेक टेबले पाळतात ती याचसाठी.

जिथे निवाडा झाला असे ठिकाणही चंडीगडमध्येच आहे. लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पंजाबचे उच्च न्यायालय सिमल्याला आले आणि १९५५ मध्ये ल कॉर्ब्युझिएने उभारलेल्या चंडीगडच्या इमारतीत स्थिरावले. एप्रिल २०१७ मध्ये या पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे फँटसी क्रिकेटचा वाद आला. ड्रीम इलेव्हनवर पैसे गमावलेल्या एका खेळाडूचे म्हणणे होते की हा जुगार आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात कौशल्याच्या खेळाला सूट आहे. मग कागदावर संघ निवडणे हे कौशल्य की नशीब? न्यायालयाने खेळाचे नियमच तपासले. एकाच खऱ्या संघातले सगळे खेळाडू घेता येत नाहीत, खेळाडूंची कामगिरी अभ्यासून तोलावी लागते, म्हणून इथे कौशल्याचे पारडे जड, असा निकाल दिला. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे दोन आधार होते: १९६८ चा रमीविषयीचा आणि १९९६ चा घोड्यांच्या शर्यतीविषयीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. ज्या शब्दांवर इतकी वर्षे युक्तिवाद झाले तो आधारच काढून घेतला गेला. अदृश्य प्राण्याच्या नियमाचेही असेच झाले: आधी वाचनावर वाद, मग अधिकृत निर्णय, शेवटी मजकुरातच बदल.

भूमिकाखेळाच्या टेबलावर ही तिन्ही कामे एकाच संध्याकाळी आणि पाचच माणसांत उरकायची असतात. म्हणून चांगल्या टेबलांची रीत साधी असते. प्रत्येक बाजूने आपले म्हणणे दोन-तीन मिनिटांत मांडायचे. डीएमने कारणासह निर्णय द्यायचा आणि तो त्या रात्रीपुरता सर्वांनी मानायचा. वहीत नोंद करायची, पुस्तक खेळ संपल्यावर उघडायचे, बदल हवा असेल तर पुढच्या वेळेपासून आणि सर्वांना सांगून. जो नियम खेळाडूला लागू तोच राक्षसालाही. बादलीने योद्धा वाचत असेल तर पुढच्या लढाईत मरणारा राक्षसही तळ्यात उडी मारणार, हे डीएमने हसत सांगितले की पुष्कळदा बादली मागणाराच आपली मागणी मागे घेतो.

नियमांवर अडून बसणाऱ्याला खेळाडूंच्या बोलीत ‘रूल्स लॉयर’ म्हणतात, आणि तो शब्द बहुधा शिवीसारखा वापरला जातो. या पुस्तकात त्याला मानाचे पान आहे. जो माणूस पान उघडून स्वतःच्या विरुद्ध जाणारा नियमही वाचून दाखवतो, त्याच्यासारखा सोबती टेबलाला दुसरा नाही. अडचण फक्त त्याची, ज्याला आपल्या फायद्याचेच कलम आठवते.

मराठीत या सगळ्याचा विचार आता का करायचा, याला एक ठोस कारण आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खुल्या परवान्यावरून मोठे वादळ उठले. २००० सालच्या परवान्यातल्या ‘अधिकृत आवृत्ती’ या शब्दांचा अर्थ काय, जुनी आवृत्ती मागे घेता येते का, यावर जगभरचे खेळाडू आणि छोटे प्रकाशक खेळाच्या मालक कंपनीशी भिडले. त्या वादाची अखेर २७ जानेवारीला झाली. कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले केले. श्रेय दिले की ते नियम कोणालाही भाषांतरित करता येतात, छापता येतात, विकता येतात. म्हणजे मराठी नियमपुस्तकाच्या वाटेत आता कायद्याची अडचण नाही. आणि भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक संदिग्ध वाक्यापाशी थांबून निर्णय घ्यावा लागेल: संदिग्धता तशीच ठेवायची, की अर्थ पक्का करायचा?

पुढच्या प्रकरणांत वाद सोप्याकडून अवघडाकडे मांडले आहेत. आधी एका वाक्याच्या वाचनाचे, मग दोन नियमांच्या टकरीचे, नंतर नियमच नसलेल्या जागांचे आणि शेवटी टेबलावरच्या माणसांचे. प्रत्येक ठिकाणी आधी प्रसंग दिला आहे, मग नियमाचा आशय आणि त्यानंतर वेगवेगळे निवाडे. वाचकांना एकच विनंती आहे. प्रसंग आणि नियम वाचून झाले की पुस्तक मिटावे, आपला निर्णय आणि त्याचे कारण एका वाक्यात कागदावर लिहावे, आणि मगच पुढचे पान उलटावे. चार मित्र सोबत असतील तर चौघांनी वेगवेगळे लिहावे. पहिल्या प्रकरणातल्या ढालवाल्या मांत्रिकापासूनच चार कागदांवर चार उत्तरे येऊ लागतील, आणि वाचन तिथूनच रंगेल.